तिची गोष्ट न विचारता

आमच्या निधीच्या वहीत सगळ्यात जास्त वेळा आलेली नोंद कुलपाची आहे. कुलूप बदलणे, दाराला आतून नवी कडी, लॅचच्या जादा किल्ल्या. त्याखालोखाल सिमकार्ड, मग प्रवासखर्च, मग कागदपत्रांच्या नकला. परक्या माणसानं ही वही चाळली तर त्याला ती एखाद्या इमारतीच्या देखभालीची वाटेल. घरातल्या मारहाणीतून बाहेर पडणाऱ्या बायकांसाठी आम्ही काही जण मिळून पैसे गोळा करतो, हे तिच्यातून कळत नाही. कळू नये अशाच बेतानं ती लिहिलेली आहे. नाव नाही, गाव नाही, एक अनुक्रमांक आणि समोर वस्तू.

मी समुपदेशक नाही, वकीलही नाही. माझ्या वाट्याला आलंय ते मागण्याचं काम. फोन करायचे, ओळखीच्या ओळखीनं लोकांच्या ऑफिसांत जायचं, चार माणसं जमलेली असतील तिथं थोडा वेळ बोलायचं आणि मग ‘दर महिन्याला थोडं जमेल का’ असं विचारायचं. मागण्याची लाज केव्हाच गेली. लोकांचा हात आखडता असतो असंही मला वाटत नाही. फारशी चौकशी न करता देणारी माणसं भेटतात. पण बहुतेकांना देण्याआधी काहीतरी ऐकायचं असतं. काय झालं तिच्याबरोबर, किती वर्षं चाललं होतं, मुलं आहेत का, नवरा प्यायचा का, माहेरचे कुठे होते. एका सद्गृहस्थांनी चेकबुक बाहेर काढता काढता विचारलं, “फोटो वगैरे काही? चेहरा झाकलेला असला तरी चालेल.” त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. चांगल्या मनानं विचारलं होतं, म्हणून तर उत्तर देणं जड गेलं.

त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही, कारण माणसाचं मन चालतंच तसं. डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेन्स्टाइन आणि पॉल स्लोविक यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग वर्गणी मागणाऱ्या प्रत्येकानं वाचावा असा आहे. त्यांनी लोकांना एक प्रश्नावली भरून दिल्याबद्दल पाच डॉलर दिले आणि त्यातले हवे तेवढे उपासमारीच्या मदतीसाठी देता येतील असं सांगितलं. काहींना आफ्रिकेतल्या लाखो भुकेल्यांचे आकडे वाचायला दिले. काहींना मालीमधल्या रोकिया नावाच्या सात वर्षांच्या मुलीचा फोटो आणि चार ओळींची माहिती. आकडे वाचणाऱ्यांनी सरासरी १.१४ डॉलर दिले, रोकियाला पाहणाऱ्यांनी २.३८. आणखी एका गटाला रोकियाही दाखवली आणि आकडेही, तर त्यांचं देणं १.४३ वर उतरलं. एका चेहऱ्याच्या शेजारी लाखोंचा हिशोब मांडला की तो चेहराही फिका पडतो. निधी उभारणाऱ्या संस्थांना हे कुठे वाचावं लागत नाही, अनुभवानं माहीत असतं. म्हणून तर पत्रकावर डोळ्याखाली काळंनिळं झालेली, कोपऱ्यात गुडघ्यांत डोकं घालून बसलेली बाई असते. मी आजवर अशी कोपऱ्यात बसलेली बाई फारशी पाहिलेली नाही. ती बहुतेक वेळा रांगेत उभी असते, हातात फाइल, कडेवर मूल, आणि खिडकीपलीकडचा माणूस तिला सांगत असतो की एक सही राहिली आहे.

भुकेल्या मुलीच्या आणि मार खाल्लेल्या बाईच्या गोष्टीत एक मोठा फरक आहे. रोकियाला शोधत कुणी येणार नव्हतं. इथं शोधणारा असतो, आणि त्याला तिच्या सवयी, मैत्रिणी, मुलांच्या शाळा सगळं पाठ असतं. ‘दोन मुलींची आई, अर्धवट सुटलेलं नर्सिंगचं शिक्षण पुन्हा सुरू केलंय, गेल्या महिन्यात घर सोडलं’ एवढी ओळ आपल्याला निनावी वाटते. त्याच्यासाठी तो जवळजवळ पत्ताच असतो. फोटोत मागे दिसणारी खिडकी, मुलाच्या गणवेशाचा रंग, नकळत राहून गेलेली दुकानाची पाटी. देणगीदारांची नावं कौतुकानं जाहीर केली तर तिच्या बाजूनं कोण कोण उभं आहे, हेही त्याला आयतं कळतं. ऑनलाइन वर्गणी गोळा करायची तर पैसे ज्याच्या खात्यात जाणार त्याचं खरं नाव द्यावं लागतं. आणि खातं तिचं असलं तरी ते दोघांच्या नावावर असेल, किंवा बँकेचे मेसेज त्याच्या फोनवर जात असतील, तर आपण मदत नेमकी कुणाला केली? त्यामुळे आमच्याकडे नव्यानं कुणी आलं की ‘काय झालं’ हा प्रश्न विचारायचाच नाही असं ठरलेलं आहे. पहिला प्रश्न फोनचा. हा फोन कुणी घेऊन दिला, पासवर्ड अजून कुणाला माहीत आहे, मेसेज कुठे कुठे जातात. त्यावरून वहीत सिमकार्डं एवढी का, ते कळेल.

हा अतिसावधपणा नाही. घर सोडलं की बाई सुटली, असं बाहेरच्यांना वाटतं. प्रत्यक्षात तिथूनच पुढचे काही महिने सगळ्यात वाईट असू शकतात. जॅकलिन कॅम्पबेल या मूळच्या परिचारिका. जोडीदाराच्या हातून जीव जाण्याचा धोका कसा ओळखायचा यासाठी त्यांनी १९८०च्या दशकात एक प्रश्नावली तयार केली, ती आज अनेक देशांत वापरली जाते. त्यांच्या गटानं अमेरिकेतल्या ११ शहरांतल्या प्रकरणांचा अभ्यास करून २००३ साली जे मांडलं त्यात एक निष्कर्ष असा होता, की जोडीदार अतिशय हुकूमत गाजवणारा असेल आणि बाई त्याच्यापासून वेगळी झाली असेल, तर खुनाचा धोका कित्येक पटींनी वाढतो. गळा दाबण्याबद्दल पुढे २००८ साली आलेला अभ्यासही याच धाग्याचा. ज्या बाईचा गळा जोडीदारानं पूर्वी कधी दाबला असेल, तिच्या बाबतीत जीव जाण्याची शक्यता सात पटींहून जास्त आढळली. बऱ्याचदा मानेवर खूणही राहत नाही. ‘एवढं काही लागलं नाही’ असं ती स्वतःच सांगते. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२३ साली जगात सुमारे ५१,१०० स्त्रिया आणि मुली जोडीदाराच्या किंवा घरातल्याच कुणाच्या हातून मारल्या गेल्या. दिवसाला साधारण १४०. आकडे सांगितले की दान कमी होतं हे आत्ताच वर लिहिलं असलं, तरी हा आकडा मी बैठकांमध्ये सांगतेच. ज्यांना फोटो हवा असतो, त्यांना फोटो का नाही, हे तो आकडा माझ्यापेक्षा नीट समजावतो.

या क्षेत्रातल्या पहिल्या घरांचा इतिहास वाचताना मला जरा धीर येतो, कारण तिथं पत्रकं नव्हती. लंडनच्या पश्चिम भागात, चिझिकला, १९७१ साली एरिन पिझी आणि आणखी काही बायकांनी नगरपरिषदेकडून एक लहानसं पडकं घर मिळवलं ते आयाबायांना एकत्र बसायला जागा हवी म्हणून. बसायला आलेल्यांपैकी काही जणी परत घरी जायला तयार नव्हत्या, आणि बघता बघता ते घर निवाऱ्याचं झालं. कुणालाही दारातून परत पाठवायचं नाही, हा तिथला एकच नियम. पुढे मोठी जागा मिळाली, तिथं जास्तीत जास्त ३६ माणसं ठेवायची परवानगी होती आणि राहत होती त्याहून पुष्कळ जास्त. गर्दी केली म्हणून पिझींवर खटला झाला, तो थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत, गेला आणि १९७७ साली त्या हरल्या. कायद्याच्या बाजूनं पाहिलं तर निकाल बरोबरच होता. पण रात्री सदतिसावं माणूस दाराशी उभं राहिल्यावर त्याला काय सांगायचं, हे त्या निकालात कुठे असणार? (पिझीबाईंचं पुढे स्त्रीचळवळीशी चांगलंच फाटलं. ती कथा वेगळी, आणि घराचं श्रेय त्यामुळे कमी होत नाही.)

अमेरिकेत सेंट पॉल या शहरात सुरुवात १९७२ साली झाली ती नुसत्या एका फोननं. कायद्याचा सल्ला द्यायला बसलेल्या बायकांना फोन यायचे ते ‘आज रात्री कुठे जाऊ’ असे. मग त्या कार्यकर्त्या फोन करणाऱ्यांना आपापल्या घरी न्यायला लागल्या. स्वतंत्र घर उभं राहायला १९७४ उजाडलं. त्याच वर्षी मार्चमध्ये सिडनीत ॲन समर्स आणि त्यांच्या मैत्रिणींनी चर्चच्या मालकीची दोन रिकामी पडलेली घरं सरळ ताब्यात घेतली आणि कुलपं बदलली. त्यांनी जमाखर्च ठेवला असेल तर पहिली नोंद काय असेल, हे मला न पाहता सांगता येईल. सरकारी अनुदान पुढच्या वर्षी मिळालं. घुसखोरी करून आधी दार उघडायचं आणि पैसे मग शोधायचे, हे आज कुणाला सुचवण्याची माझी छाती नाही. आता अर्ज करावे लागतात, आणि अर्जात ‘लाभार्थींच्या यशोगाथा जोडा’ असा एक रकाना असतो.

त्या रकान्यावर माझा राग आहे, आणि त्याचं कारण पैशाशी जोडलेलं आहे. मारहाण म्हटलं की डोळ्यांसमोर हात उगारलेला पुरुष येतो. पण डुलुथ या अमेरिकन शहरातल्या कार्यकर्त्यांनी १९८४ साली दोनशेहून अधिक बायकांशी बोलून त्यांच्या घरात नेमकं काय काय चालतं याचं एक चक्र काढलं. त्याच्या मध्यभागी सत्ता आणि नियंत्रण, आणि भोवतीच्या आठ आऱ्यांपैकी एक आरा आर्थिक छळाचा. भारताच्या २००५ च्या कायद्यानं आर्थिक छळ हा कौटुंबिक हिंसाचाराचाच प्रकार म्हणून नाव घेऊन सांगितला; ब्रिटनच्या कायद्याच्या व्याख्येत तो स्पष्टपणे यायला २०२१ उजाडलं. व्यवहारात हा छळ फार किरकोळ दिसतो. पगार तिचा, कार्ड त्याच्या पाकिटात. तिच्या नावावर कर्ज, सही कशावर केली ते तिला माहीत नाही. ती नोकरीला लागली की हा ऑफिसच्या दाराशी येऊन तमाशा करणार, मग नोकरी जाणार. बाजारात गेली की परत आल्यावर बिल दाखवायचं, सुटे मोजून द्यायचे, आणि चार नाण्यांचा फरक आला तर रात्रभर त्याचा पंचनामा.

आता अशा घरातून ती बाहेर येते आणि आपण तिच्यासमोर मदतीचा अर्ज ठेवतो. पैसे कशासाठी हवेत? बिल जोडा. ठरल्याप्रमाणेच खर्च केला का? नसेल तर कारण लिहा. आणि जाता जाता आभाराची दोन वाक्यं, जमल्यास व्हिडिओवर. हिशोब मागणारा माणूस बदलला आणि सूर गोड झाला, एवढाच काय तो फरक.

आमच्यात यावरून पहिली मोठी वादावादी झाली ती केस कापण्यावरून. एका बाईला आम्ही हातखर्चाला म्हणून थोडी रोख रक्कम दिली होती. तिनं ती घेतली, सलूनमध्ये गेली आणि कमरेपर्यंतचे केस मानेपर्यंत कापून आली. कुणी विचारलं नव्हतं, तिनं आपण होऊन सांगितलं, थोडं घाबरत आणि थोडं मजेत. (हे मी तिच्या परवानगीनं लिहिते आहे. मजकूर तिनं आधी वाचला, एक ओळ काढायला लावली, ती काढली.) बैठकीत एकानं म्हटलं, देणगीदारांना हे कळलं तर काय वाटेल? लोकांनी काय केस कापायला पैसे दिलेत? दुसऱ्यानं म्हटलं, ती नोकरीच्या मुलाखतीला जाणार होती असं लिहू, म्हणजे शोभेल. मला दुसरं म्हणणं पहिल्यापेक्षा जास्त खटकलं. खर्च आपल्याला शोभावा म्हणून तिच्या डोक्यात नसलेलं कारण आपण तिच्या तोंडी घालणार! ती मुलाखतीला जाणार होती की नव्हती, केस का कापले, इतकी वर्षं का कापले नव्हते, हे आम्ही कुणीच विचारलं नाही. आजही मला माहीत नाही.

सगळे आमच्या खजिनदार काकूंकडे बघायला लागले. काकू आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशोब तपासून निवृत्त झालेल्या, त्यांच्या नजरेतून पावती सुटत नाही. त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाल्या, “हातखर्च म्हणून दिले ना? मग हातखर्च झाला. मला कारण नको, माझी बेरीज जुळली पाहिजे.” आणि वहीत ‘हातखर्च’ असं लिहून पान उलटलं. तेव्हापासून प्रत्येकीला द्यायच्या रकमेतला काही भाग बिनबिलाचा असतो. तो किती असावा यावर अजून घासाघीस होते, पण असावा की नसावा हा प्रश्न त्या दिवशी मिटला.

बिनबिलाच्या पैशाचा गैरवापर होत नाही का? होतो, क्वचित. एखादी परत जाते आणि पैसे त्याच्याकडे जातात. परत जाणं हा गैरवापर धरायचा का, यावर माझं मत स्वच्छ आहे: धरायचा नाही. बाई परत जाते ती घर नाही म्हणून, मुलं रडतात म्हणून, तो खरंच बदलेल असं वाटतं म्हणून, किंवा बाहेर राहणं जास्त धोक्याचं आहे हे तिला आपल्यापेक्षा नीट कळतं म्हणून. पुन्हा निघावंसं वाटलं तर आपला फोन लावायला तिला संकोच वाटू नये, एवढं आपल्या हातात असतं. ‘एवढं करूनही गेली शेवटी’ हे वाक्य आमच्यात कुणी म्हटलं की काकू त्याच्याकडे वहीवरून बघतात, पुढे बोलावं लागत नाही.

मोकळेपणानं दिलेल्या मदतीचं फळ काय, असं विचारणारे असतात आणि त्यांनी विचारलंच पाहिजे. क्रिस सलिव्हन आणि डेबोरा बायबी यांचा १९९९ सालचा मिशिगनमधला अभ्यास मी अशा वेळी सांगते. निवारागृहातून बाहेर पडणाऱ्या २७८ बायका. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले आणि एका गटातल्या प्रत्येकीला दहा आठवडे एक सोबतीण दिली. या सोबतिणी प्रशिक्षण घेतलेल्या कॉलेजच्या मुली होत्या, कुणी मोठ्या तज्ज्ञ नव्हेत. त्यांनी आठवड्यातले काही तास तिच्याबरोबर घालवायचे आणि तिला जे हवं असेल ते मिळवायला मदत करायची. घर हवं तर घर, वकील हवा तर वकील, मुलाला पाळणाघर हवं तर ते. काय हवं, ते ती सांगणार. दोन वर्षांनी पाहिलं तर सोबतीण मिळालेल्यांपैकी दर चौघींत एक अशी होती जिला या काळात एकदाही मारहाण झाली नव्हती. दुसऱ्या गटात दर दहांत एक. चौघींत एक म्हणजे तीन जणींना मार बसलाच, हेही मी सांगते. आपल्या वर्गणीनं जग बदलेल असं आश्वासन द्यायची मला सवय नाही. पण दहा आठवडे, काही तास, आणि ‘तुला काय हवंय’ हा प्रश्न, एवढ्यावर दुपटीहून जास्त फरक पडत असेल तर त्या सोबतिणीच्या बसभाड्याला पैसे द्यायला कुणी नाही म्हणू नये. आणि गंमत अशी की नेमके तेच मिळत नाहीत. भिंतीला रंग द्यायला मिळतात, पाटीवर नाव घालून हॉल बांधायला मिळतात. सोबतिणीच्या बसभाड्यावर कुणाचं नाव घालणार?

वस्तूंच्या देणगीबद्दल थोडक्यात. जुने कपडे नकोत. खरंच नकोत. आमच्याकडे एकदा रिकाम्या अत्तराच्या बाटल्यांची पिशवी आली होती, बाटल्या सुंदर होत्या. ज्यांना पैसे द्यायचे नाहीत पण काहीतरी द्यायचंय, त्यांनी नवी अंतर्वस्त्रं द्यावीत, चाकांची बॅग द्यावी, फोनचा चार्जर द्यावा. घाईत निघालेल्या माणसाचा चार्जर नेहमी भिंतीत राहतो.

गोष्टी सांगायच्या नाहीत, तर मग विश्वास कशावर ठेवायचा? हा प्रश्न रास्त आहे. नुसतं ‘आमच्यावर भरवसा ठेवा’ म्हणणाऱ्यांनी लोकांचे पैसे बुडवल्याची उदाहरणं कमी नाहीत. आम्ही खर्च प्रकारवार जाहीर करतो: निवास, प्रवास, कायदेशीर, फोन, मुलं, हातखर्च. प्रत्येक खर्चावर दोन सह्या. लेखापरीक्षक मूळ पावत्या आमच्यासमोर बसून बघतो, प्रती घेऊन जात नाही. आणि आकडे मुद्दाम उशिरानं, एकत्र करून देतो, कारण छोट्या ठिकाणी आकडासुद्धा बोलतो. ‘या महिन्यात एक महिला, तीन मुलं’ असं छापलं की ज्याला कळायचं त्याला कळतं. हे समजावून सांगितल्यावर देणगीदार सहसा तुटत नाहीत. काही तुटतात. फोटो मागणारे ते सद्गृहस्थ त्या दिवशी नाराज होऊन गेले आणि नंतर आले नाहीत, हे खरं ते खरं.

काही बायकांना मात्र बोलायचंच असतं, आणि त्यांना गप्प बसवणारे आपण कोण? वर्षानुवर्षं ‘घरातलं बाहेर सांगू नकोस’ ऐकलेल्या बाईला पुन्हा तेच आपणही सांगायचं, निमित्त फक्त तिच्या सुरक्षिततेचं, हे मला पटत नाही. फक्त आमची मदत सुरू असेतो कुणी व्यासपीठावर यायचं नाही, असं आम्ही ठरवलंय. उपकाराच्या ओझ्याखाली दिलेला होकार हा होकार नसतो. मदत संपून बराच काळ गेल्यावर ती आपण होऊन आली, तर इतर कुठल्याही वक्त्याला देतात तसं मानधन द्यायचं, आणि शेवटच्या क्षणी नको वाटलं तर कारण न विचारता कार्यक्रम पुढे न्यायचा. मुलांचा प्रश्न याहून अवघड. आई आज तिच्या मर्जीनं नाव सांगेल. पण तिचा मुलगा पंधरा वर्षांचा झाल्यावर त्याच्या वर्गातलं कुणीतरी ते नाव इंटरनेटवर शोधेल. त्याच्या वतीनं कुणी होकार द्यायचा? माझ्याकडे याचं उत्तर नाही. आवाज चालेल, चेहरा नको, इथवर आम्ही आलोय.

बोलायला जाते तिथं मला आणखी एका गोष्टीचं भान ठेवावं लागतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ मधल्या अंदाजानुसार जगातल्या दर तीन बायकांपैकी जवळजवळ एकीला आयुष्यात कधी ना कधी शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसावी लागते, आणि त्यातली बहुतांश जोडीदाराकडून. म्हणजे मी ज्यांच्याकडे वर्गणी मागते आहे त्या खोलीत, समोरच्या खुर्च्यांवर, ती बसलेली असते. कधी तिचा नवराही शेजारी असतो. पुरुषांवरही घरात हात उचलला जातो, म्हाताऱ्या आईबापांवरही, आणि तेही त्याच खुर्च्यांवर असतात. त्यांना तर हे बोलायला जागाच नसते. अशा खोलीत एखादीची कहाणी रंगवून सांगायची आणि डोळे पुसणाऱ्यांकडून पैसे घ्यायचे, यात मला अवघडल्यासारखं होतं. त्याऐवजी मी कागदपत्रांबद्दल बोलते. कुठले कागद एका पिशवीत ठेवावेत, ती पिशवी कुणाकडे ठेवावी, फोनमधलं लोकेशन कसं बंद करतात. ऐकणाऱ्यांना ती देणगीदारांसाठीची माहिती वाटते. एखादी मात्र लिहून घेत असते. मदतीचा नंबर मी टाळ्यांच्या वेळी पडद्यावर दाखवत नाही. तो बायकांच्या स्वच्छतागृहात दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेला असतो, कारण तिथं ती एकटी असते.

ऑफिसांत गेले की पैशाखेरीज रजा मागते. फिलिपिन्सनं २००४ सालीच कायद्यानं अशा स्त्रियांना दहा दिवसांची पगारी रजा दिली. न्यूझीलंडमध्ये २०१९ पासून, ऑस्ट्रेलियात २०२३ पासून तशीच दहा दिवसांची तरतूद आहे. कोर्टाची तारीख, घर बदलणं, मुलांच्या शाळेचे दाखले ही सगळी कामं कचेरीच्या वेळातच होतात, आणि नोकरी गेली तर आमचा निधी किती दिवस पुरणार? मनुष्यबळ विभागाच्या माणसाला हा हिशोब लवकर पटतो. त्यापुढचं वाक्य जरा जपून बोलावं लागतं: रजेच्या अर्जावर कारण लिहायची सक्ती नको.

सध्या आमच्यात वाद चालू आहे तो मुदतीचा. एकीला किती काळ मदत करायची? अनुदान आर्थिक वर्षाला बांधलेलं, कोर्टाच्या तारखा कशालाच बांधलेल्या नाहीत. काही जणांचं म्हणणं, सहा महिने द्यावेत आणि पुढचीसाठी जागा करावी. माझं म्हणणं, ती ‘आता पुरे’ म्हणेल तोवर. हे बोलायला सोपं आहे, आणि काकूंनी मागच्या बैठकीत ते किती सोपं आहे हे पेन्सिलीनं दाखवून दिलं. माझ्या पद्धतीनं गेलो तर या वर्षी नव्यानं येणाऱ्या काही जणींना नाही म्हणावं लागेल. मी म्हटलं, दरमहा देणारे वाढवू. त्या म्हणाल्या, वाढव, मग बोलू. पुढच्या बैठकीला त्या दोन्ही बाजूंचा जमाखर्च मांडून आणणार आहेत, आणि मला तोवर निदान वीस नवी माणसं शोधायची आहेत, फोटो न मागणारी.